मुरमावरची काळी

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीकडच्या एका मामांनी विचारलं, "मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हणता, पण करतो काय?" माझे चुलते भोळे. ते म्हणाले, "वावरात खड्डे खणतो." मामांनी विचारलं, "आणि मग?" चुलते म्हणाले, "मग बुजवतो." झालं! सोयरीक मोडल्यातच जमा होती. पुढे सासऱ्यांनी परस्पर चौकशी केली. या खड्डे खणणाऱ्याला गावचा पटेल, म्हणजे पाटील, स्वतः खाट टाकून देतो, दूध पाठवतो, असं त्यांना कळलं, तेव्हा कुठे मला हळद लागली.

तर मी तो खड्डेवाला. जमिनीची प्रत ठरवणारा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळात बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, माझी सारी नोकरी गेली. नव्या जमाबंदीचं काम निघालं की आम्ही गावोगाव हिंडायचो. कुठे नाल्यानं पात्र बदललेलं असे, कुठे पडीक रान वहितीला आलेलं असे, कुठून तक्रारी आलेल्या असत. अशा वावरांत खड्डे घ्यायचे, माती तपासायची आणि प्रत लिहायची. त्या प्रतीवर शेतसारा बसे, आणि तो पुढची जमाबंदी होईपर्यंत, म्हणजे एका पिढीला पुरेल इतका काळ, हलत नसे. म्हणूनच पटेल खाट टाकायचा. माझ्या रूपावर भाळून नव्हे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मातीत काय ओळखायचं? माती ती माती. अशा माणसाचा मला अजून राग येतो. अहो, माती आभाळातून पडत नाही. ती दगडाच्या पोटची असते, आणि दगड कसा होता यावर ती कशी निघणार हे पुष्कळसं ठरतं. आमच्या जिल्ह्यात दगड बहुतेक एकच, काळा पाषाण. पण त्याच्यातही जाती आहेत. एक घट्ट, घणाला दाद न देणारा. त्याच्यावर पिढ्यानपिढ्या पाऊस पडला तरी वीतभर माती साठत नाही. दुसरा भोकाभोकांचा, पोटात पांढऱ्या गारगोट्या धरलेला. तो हवेपाण्यानं लवकर खचतो, कांद्यासारखे त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्याचा मुरूम होतो. मुरूम म्हणजे अर्धा दगड नि अर्धी माती. रवाळ, तांबूस, लोटाभर पाणी ओतलं की गडप करून बसणारा.

हाच मुरूम आणखी झिजला, पीठ झाला, पाण्याबरोबर सखल जागी जाऊन मुरत राहिला, की त्याची काळी होते. म्हणजे बाप एकच, पण एक पोर टेकडीवर वाढलं आणि एक खोलगटात. काळी पाणी धरते, फुगते, बैलाच्या खुराला चिकटते. उन्हाळ्यात ती आवळते आणि तिला अशा भेगा पडतात की ढोराचा पाय अडकावा. दगडातला चुना पाण्यात विरघळून खाली उतरतो आणि नांदुऱ्याकडच्या काळीत खड्यांच्या रूपानं बसतो. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याला नाल्यांनी आणलेली वाळू मातीत मिसळलेली असते. चार कोस चाललं की मातीचा स्वभाव बदलतो, हे मी पायांनी शिकलो आहे.

ओळखायची रीत साधी. चिमूटभर माती ओली करायची, तळहातावर वळायची. काळीची वळी होते, तिची बांगडी केली तरी तुटत नाही. मुरमाडाची वळीच होत नाही, हातात रवा राहतो. मग थोडी दातांखाली धरायची. वाळू असेल तर करकरते. हो, खातच असे मी माती, बायको म्हणते ते खरं आहे. पण लोकांच्या बोलण्यापेक्षा मला मातीची चव जास्त भरवशाची वाटे.

लोक काय काय करत! नांदुऱ्याकडे एका बड्या शेतकऱ्यानं आपली जमीन चुनखडीची, म्हणजे हलक्या प्रतीची, दिसावी म्हणून काळीभर चुन्याचे खडे पेरून ठेवले होते. खडे होते घर बांधून उरलेल्या भट्टीच्या चुन्याचे. ओल लागताच त्यांचा भुगा झाला, आणि मी गेलो तेव्हा वावर पीठ सांडल्यासारखं दिसत होतं. "हे काय?" म्हटलं तर म्हणे, "साहेब, जमीनच तशी हाय." मी म्हणालो, "मग विडा तरी लावून द्या." जामोदकडच्या एका गृहस्थांनी तर मला वावराच्या सगळ्यात भिकार कोपऱ्यात सतरंजी घालून बसवलं. आधी हुरडा, मग चहा, मग पुन्हा हुरडा. उठू म्हणून देईनात. शेवटी माझा खणणारा रहीमभाई उठून पलीकडच्या टोकाला गेला आणि त्यानं तिथून हाक मारली, "बाबूजी, इकडं या, इकडंबी भूक लागते काय पाहू!"

रहीमभाई देऊळघाटचा. पहार त्याची, टिकाव त्याचा, आणि जीभही त्याचीच. माझ्याबरोबर तो इतकी वर्षं हिंडला की आम्ही भांडल्याशिवाय आमचा दिवस सुरू होत नसे. मी वळी करायला बसलो की तो म्हणायचा, "झाल्या का बांगड्या? बाजारात नेऊ?"

आता ज्या माणसाची गोष्ट मला सांगायची आहे त्याच्याकडे येतो. पण त्याआधी एक नियम सांगायला हवा, कारण सारी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. कब्जेदारानं, म्हणजे जमीन कसणाऱ्या मालकानं, आपल्या मेहनतीनं जमीन सुधारली असेल, दुसरीकडची चांगली माती वाहून टाकली असेल, तर त्यासाठी त्याचा सारा वाढवायचा नाही. मूळ जमीन जशी होती तशीच धरायची. नियम भल्याचा होता. पण तो गावोगाव ठाऊक झालेला, त्यामुळे ज्याची काळी तो म्हणे, "साहेब, हे सारी म्या वाहून आनली." पूर्णेकाठच्या एकानं तर दोन पुरुष खोल काळी वाहून आणल्याचं छातीठोक सांगितलं. म्हणून आम्ही माणसाला विचारत नसू, मातीला विचारायचो.

देऊळघाटच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर एक लहान गाव आहे. तिथल्या एका वावराची प्रत पाहायची होती. जुन्या दप्तरात ते मुरमाड होतं, आणि पटवारी म्हणत होता की आता ते काळं आहे. माघ महिना होता. टेकडीच्या पायथ्याशी नाल्याला एक खोलगट जागा होती, तिथे गाळ साठायचा. शेजारी कडुनिंबाखाली टोपल्यांची चळत, आणि चळतीजवळ एक म्हातारा बसलेला. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, गुडघ्यापर्यंत पाय मातीनं रंगलेले.

"रामराम. वरते चालले?" त्यानं विचारलं.

"हो. उकर्डाजींचं वावर पाहायचंय."

"मीच उकर्डा. चाला. एक-एक टोपलं घ्या."

मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही. रहीमभाई माझ्या कानाशी आला. "बाबूजी, हा बुढा मजाक नाई करत. याच्या वावरात खाली हात कोनी जात नाई. आमच्या देऊळघाटापर्यंत ठावं हाय. याचा जवाई पोरगी पाहाले आला होता नं, त्याच्याबी डोक्यावर टोपलं देल्लं यानं. जवाई तवापासून इथीच हाय."

सरकारी माणूस, अंगात कोट, आणि डोक्यावर गाळाचं टोपलं! पण म्हातारा स्वतः भरलेलं टोपलं उचलून चालूही लागला होता. मी मुकाट्यानं अर्धं टोपलं कडेवर घेतलं. चढ चांगलाच होता. कोटाची बाही भिजली, दम लागला, आणि मनात त्या उकर्डाजीला दोन शिव्याही दिल्या.

वर गेलो आणि शिव्या थांबल्या. आजूबाजूला सगळा तांबूस मुरूम, बोडका, मधूनमधून दगडाची डोकी वर आलेली. आणि त्याच्या मधोमध काळंभोर वावर. खालच्या अंगाला कमरेएवढा दगडी बांध, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेनं, बोरी लावलेल्या. ज्वारीचे धांडे रचून ठेवले होते, ते मनगटाएवढे जाड. अशा उतारावर काळी होतच नाही, कारण पाणी थांबत नाही. दगडानं तिथे काळी जन्माला घातलेलीच नव्हती. मी काहीच न विचारता टोपलं जिथे त्यानं सांगितलं तिथे ओतलं.

बांधाजवळ पहिला खड्डा घेतला. वर हातभर काळी, खाली मुरूम, आणि दोन्हींच्या मध्ये सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. तो आमच्या भाषेत सांधा. सांधा दिसला की माती बाहेरची, यात शंका नाही. मला बरं वाटलं. खरं बोलणारा माणूस भेटला की आमच्या धंद्यात सण वाटायचा.

मी म्हणालो, "उकर्डाजी, चांगली बातमी. माती वाहून आणलेली आहे हे उघड दिसतंय. वावर मुरमाडच धरतो. सारा वाढणार नाही."

म्हातारा आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पडला. मग लाल झाला.

"मुरमाड?"

"हो. मूळ जमीन मुरमाड."

"साहेब, डोळे हायेत नं तुमाले? पायाखाली काय हाय?"

"काळी आहे."

"मंग काळी लिवा."

रहीमभाईच्या हातातली पहार खाली पडली. साऱ्या नोकरीत जमीन वरच्या प्रतीत घाला म्हणणारा माणूस आम्हाला भेटला नव्हता. मला वाटलं, याला नियम समजला नाही. मी पुन्हा समजावलं. काळी लिहिली तर सारा किती चढेल, तो किती काळ भरावा लागेल, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण मान हलवत नव्हता.

"समजलं मले," तो म्हणाला. "येडा नाई मी. साहेब, साऱ्या गावानं मले जिंदगीभर मुरमाड्या म्हनलं. पंगतीत बसलो तं म्हनत, मुरमाड्याले वाढा बे, त्याच्या घरी कुठी ज्वारी पिकते. माह्या बापालेबी तेच म्हनत. मी न् माही बुढी, आमी दोघांनी डोक्यावर आनू आनू हे वावर काळं केलं. पयल्या साली बांध नव्हता, तं सारी माती एका पान्यात खाली गेली. दुसऱ्या साली पुन्हा आनली. बुढी गेली, तरी मी आनूनच राह्यलो. आता सरकारचा मानूस आला, अन् तोबी म्हन्ते मुरमाड! म्हंजे आमी काईच नाई केलं?"

मी वहीत डोकं घातलं. नियम माणसाच्या बाजूचा, आणि माणूस नियमाच्या विरुद्ध, असा पेच मला कोणी शिकवला नव्हता.

"चाला वरच्या आंगाले," तो म्हणाला. "तिथी आमी पयल्यांदा माती टाकली. तिथी तुमचा तो सांधा दाखवा मले. दाखवला तं काईबी लिवा."

गेलो. रहीमभाईनं खड्डा घेतला, मी आत उतरलो. वर काळी होती, खाली गेल्यावर मुरूम होता, पण कुठून कुठे बदल झाला हे दिसेना. उन्हाळ्याच्या भेगांतून काळी खाली उतरली होती. मुळं तिला आणखी खाली घेऊन गेली होती. वखरानं आणि किड्यांनी मुरूम वर आणला होता. काळीनं पाणी धरून ठेवल्यामुळे खालचा मुरूमही मऊ पडला होता. मी वरपासून खालपर्यंत माती काढत गेलो आणि वळ्या करत गेलो. वरचीची बांगडी झाली. मधलीची झाली, पण तडकली. खालचीची झालीच नाही. पण त्यात एका जागी बोट ठेवून, इथवर आणलेली आणि इथून मूळची, असं मला सांगता येईना. लोटाभर पाणी ओतून पाहिलं. ते मुरमासारखं गडप झालं नाही की काळीसारखं तुंबून राहिलं नाही. सावकाश, समजुतीनं मुरलं. नुसत्या काळीपेक्षा आणि नुसत्या मुरमापेक्षा ती माती सरस होती. ओल्या वर्षी खालच्या काळ्या वावरांत तूर सडायची, तेव्हा उकर्डाजीची उभी असायची, हे मला पटवाऱ्यानंच पुढे सांगितलं.

नखानं टोकरत गेलो तेव्हा मातीत गोल गुळगुळीत खडे सापडले, आणि नाल्यातल्या गोगलगायींचे बारीक शंख. त्या टेकडीच्या दगडाचे तुकडे कोनदार असतात. गोल खडा पाण्यातूनच यायचा. म्हणजे माती बाहेरची, याचा पुरावा माझ्या मुठीत होता. पण म्हाताऱ्यानं मला खडे विचारले नव्हते, सांधा विचारला होता.

"सापडला?" तो वरून वाकून विचारत होता.

"नाही," मी म्हणालो. "सांधा नाही सापडत."

काय फुलला तो चेहरा! एवढ्या सुरकुत्या, पण सगळ्या हसल्या. "पाहा! मिळून गेली ते. आता तुमचाच शब्द. लिवा काळी."

मी खड्ड्यातच बसून राहिलो. मनातून मला त्याचं म्हणणं पटत होतं. मी काळी लिहिली असती तर कोणी हरकत घेतली नसती, पटवारी तर खूषच झाला असता. पण सारा या म्हाताऱ्याला थोडाच भरायचा होता? त्याचे किती पावसाळे उरले होते! भरायचा होता मागच्यांना. आणि तो उतार. एखाद्या साली ढग फुटला, बांध गेला, तर माती एका दुपारी नाल्यात जाईल आणि काळीचा सारा कागदावर जसाच्या तसा राहील.

इतक्यात त्याची मुलगी भाकर घेऊन वर आली. सारजा तिचं नाव. केसांत पांढऱ्या तारा दिसू लागलेली, उंच, सावळी बाई. भाकरीचं फडकं हातात आणि डोक्यावर अर्थातच टोपलं. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा खड्ड्यात बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" तिनं विचारलं. रहीमभाईनं तिला सगळं सांगितलं. तो सांगतो तेव्हा काही शिल्लक ठेवत नाही.

"तू यात बोलू नको," म्हातारा म्हणाला.

ती बापाशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली. "दादा, आनलेली माती हाय असं लिवलं तं काय होते?"

"सारा वाढत नाही."

"अन् काळी लिवली तं?"

"काळीचा सारा. पुढची जमाबंदी होईपर्यंत."

"अन् मधात माती वाहून गेली तं?"

"तरी तेवढाच."

तिनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. ओतलं नाही, तसंच भरलेलं ठेवलं. मग बापासमोर बसली. "बा, आनलेली म्हनलं तं तुले राग काहाले येते?"

"त्यात काय मान हाय?" म्हातारा म्हणाला. "आनलेली म्हंजे दुसऱ्याची. आपली नाई."

"मंग मी कोन आहो?"

मला काही कळेना. रहीमभाईनं खाली बसून हळूच सांगितलं. प्लेगाच्या साली सारं गाव घरं सोडून रानात झोपड्या करून राहिलं होतं. शेजारच्या झोपडीतली बाई गेली, तिचा नवरा आधीच गेलेला. तान्ही पोर रडत होती, आणि भीतीनं तिला कोणी हात लावेना. उकर्डाजीची बायको नाल्याकडे माती आणायला निघाली होती. तिनं ती पोर उचलली, टोपल्यात घातली आणि वर घेऊन आली. दोघांना पोटचं मूल नव्हतं.

"मायनं मले याच टोपल्यात आनलं," सारजा म्हणत होती. "साऱ्या गावाले ठावं हाय. कोनी विचारलं तं मी सोता सांगते, आनलेली आहो. मले तं कवा लाज नाई वाटली. तुले वाटते काय?"

"तुही गोष्ट अलग हाय, बाई."

"काऊन अलग?" तिचा आवाज चढला. "तू मले पंगतीत सांगत फिरला काय, का हे माह्या पोटची हाय म्हून? नाई नं? नुसतं माही पोरगी म्हनला. झालं. अरे बा, काळी लिवली तं उद्या लोक म्हनतीन, उकर्डाले देवानं काळी देल्ली होती, नशीबवान होता. आनलेली लिवली तरच कोनीतरी आनली असं होते नं? तुहं न् मायचं नाव त्यातच हाय. ते खोडून तू कोनते काळीचा मान घेतो?"

म्हाताऱ्यानं चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळत राहिला. मी खड्ड्यात, रहीमभाई पहारीला टेकलेला. मला हुंदका येईल की काय अशी भीती वाटली. सरकारी माणसानं खड्ड्यात बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी उगाच आणखी एक वळी करायला घेतली.

"लिवा," शेवटी उकर्डाजी म्हणाला. "पन पुरं लिवा. मुरमाड लिवून थांबू नका."

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मूळ जमीन मुरमाड. वरची काळी माती कब्जेदारानं नाल्यातून वाहून आणलेली. नाल्यातले गोल खडे आणि शंख सापडले.

"कब्जेदार म्हंजे कोन?"

"तुम्ही."

"मी एकटा नाई नं. म्या सालभरात आनली तेवढी बुढी दोन महिन्यात आने. तिचं नाव घाला. भागीरथी."

मी कागदाकडे पाहिलं. त्यात खड्ड्याच्या खोलीला जागा होती, दोषांना जागा होती, उताराला होती. माती वाहणाऱ्या बाईला नव्हती. मी लिहिलं असतं तरी वर ते खोडलं गेलं असतं, आणि मग सगळ्याच नोंदीवर संशय आला असता. मी त्याला तसं सांगितलं.

"एवढा मोठा कागद," तो म्हणाला, "अन् जागा नाई?"

"नाही, उकर्डाजी."

"बरं," तो म्हणाला. रागावला नाही, काही नाही. उठला आणि रहीमभाईला खड्डा बुजवायला मदत करू लागला. रहीमभाईनं हाताला लागेल ते लोटायला सुरुवात केली तेव्हा मात्र ओरडला, "उलटं नको भरू, बे! खाली मुरूम, वरते काळी." आणि स्वतः वाकून थरामागून थर लावत बसला. इतक्या वर्षांत आमचा खड्डा इतक्या हौसेनं कोणी बुजवला नाही.

पुढे आमचे तपासनीस साहेब आले. नागपूरकडचे, कडक माणूस, आमच्या कामावर पुन्हा खड्डे घेऊन पाहणारे. पायथ्याशी कडुनिंबाखाली उकर्डाजी बसलेलाच होता. त्यानं साहेबांसमोर टोपलं धरलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "इथला नियम आहे, साहेब." साहेबांनी चक्क टोपलं खांद्यावर घेतलं. वर जाऊन त्यांनी नवा खड्डा घेतला. सांधा त्यांनाही सापडला नाही. मी खडे आणि शंख दाखवले. त्यांनी ते रुमालावर ठेवून बराच वेळ पाहिले, वावरावरून एकदा नजर फिरवली आणि माझ्या नोंदीखाली सही केली. उतरताना एवढंच म्हणाले, "दगडाला ही पोर कधी झाली नसती." मी म्हणालो, "नाही साहेब."

नोकरीतून मोकळा झाल्यावर एकदा देऊळघाटला रहीमभाईच्या नातीच्या लग्नाला गेलो होतो. परतताना पाय आपोआप तिकडे वळले. उकर्डाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कडुनिंबाखाली टोपल्यांची चळत तशीच होती, आणि चळतीजवळ पांढऱ्या केसांची सारजा बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. "वरते चालले?" म्हणाली आणि टोपलं पुढे केलं. या वयात मला ते झेपणार नव्हतं. मी अर्धं घेतलं, वाटेत चारदा थांबलो, आणि वर जाऊन ओतलं. बांध शाबूत होता. धुऱ्यावरच्या बोरींना बोरं आली होती, ती खाल्ली.

खरं सांगायचं तर माझ्या कामाबद्दल मला फार पश्चात्ताप नाही. कोणाचा सारा कमी लागला, कोणाचा जास्त, ते होतच असतं. मी मातीशी खोटं बोललो नाही. पण उकर्डाजीचं ते "बरं" माझ्या मनातून कधी गेलं नाही. शब्द जेवढे मोठे, तेवढे विसरता येतात, हे एवढंसं कुठे विसरायचं?

कागदावर जागा नव्हती. इथे या मासिकाच्या अंकात मला पानंच्या पानं मिळाली आहेत, आणि खोडणारा वर कोणी बसलेला नाही. तर माझी नोंद मी पुरी करतो. मूळ जमीन मुरमाड. वरची काळी माती भागीरथीनं नाल्यातून डोक्यावर वाहून आणलेली. तिच्या नवऱ्यानंही आणलेली, मुलीनंही आणलेली. सांधा शोधला. सापडला नाही.